गणित सुटलं

बाई, दहावीला तीन विषयांत नापास झालेला आणि ऑक्टोबरला मात्र एकाच विषयाला बसवलेला देवळ्याचा तो मुलगा मी. तुमच्या हाताखालून इतकी पोरं गेली की एवढ्यावरून ओळख पटेल का, मला शंका आहे. तीन विषय राहिलेले आमच्या वर्गात पुष्कळ होते. पण तीन राहिलेले असताना एकच द्यायला लावलेला मी एकटा, आणि तो एक विषयही तुमचाच, गणित. असं का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. मला विचारायची सवय नाही, मी ऐकतो. ऐकून जे समजेल त्यावर चालतो. आता मुलीच्या अकरावीच्या विषयांवरून घरात जे झालं, ते मात्र कुणाला तरी सरळ सांगावंसं वाटतंय, आणि मधेच तोडून मला चार गोष्टी सुनावणार नाही असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं सुचत नाही.

माझं आता दिंडोरी रोडला वर्कशॉप आहे. द्राक्षबागेत औषध मारायला ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर लावतात, ते आम्ही बनवतो आणि दुरुस्तही करतो. शेतकरी ब्लोअर चालू ठेवून फाटकातून आत येईपर्यंत मी खुर्चीतूनच सांगतो, बेअरिंग गेलंय की पंख्याचं पातं घासतंय. लोक म्हणतात, "शेठ, तुमच्या कानाला लय धार हाय." आहे खरी, पण ती लोखंडापुरतीच नाही. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठं अडला, कुठं घाईनं पुढं गेला, 'हो' म्हणताना आवाज वर गेला की खाली बसला, हे मी ऐकतो. पत्रा पुरवणारा फोनवर सांगतो, "माल गाडीत भरतोच आहे," आणि त्याच्या मागं मला मॅचची कॉमेंट्री ऐकू येते. याच कानांच्या जोरावर मी लेथवरून उठून स्वतःच्या शेडमध्ये आलो. धंद्यात मला फसवून गेलेला माणूस शोधावा लागेल. घरातले म्हणतात, हा कान नाही, रोग आहे.

तो रोग पहिल्यांदा तुम्ही ओळखलात. तुमची ती भाड्याची खोली, शेजारी कांदा साठवायची चाळ, त्यामुळे तुमच्या चहालासुद्धा कांद्याचा वास. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी वही घेऊन तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचो. तुम्ही स्टोव्हला पंप मारता मारता विचारायचात, "मग आता पुढं काय येईल, अधिक की उणे?" मी म्हणायचो, "अधि…" आणि तुमचा पंपावरचा हात किंचित थबकला की लगेच, "उणे, बाई, उणे." पंप पुन्हा चालू झाला की समजायचं, जमलं. असे बरेच दिवस माझे बरे गेले. मग एक दिवस तुम्ही स्टोव्ह बंद केलात, माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "तू गणित सोडवतोयस की मला?" मी खाली बघितलं. "माझ्या आवाजात उत्तर नाहीये रे. वहीत आहे. तिथं बघ." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसायला लागलात. पीठ मळताना, तांदूळ निवडताना, नुसतं "हं." बरोबर असलं तरी "हं," चुकलं तरी "हं," आणि दोन्ही अगदी एका पट्टीतले. मी त्या 'हं'वर कान लावून लावून थकलो. शेवटी नाइलाजानं वहीत बघायला लागलो.

तरीपण एकच विषय का, याचं उत्तर मला त्या वहीत सापडलं नाही. गावात सगळे म्हणत होते की तिन्ही द्यावेत, इंग्रजी, विज्ञान, गणित, त्यातला एखादा तरी लागून जाईल. तुम्ही म्हणालात, ऑक्टोबरला एकटं गणित, बाकीचे दोन मार्चला. स्टँडवरच्या चहावाल्याकडे याच्यावर सभा भरली. एकजण म्हणाला, "अरे, बाईला आपला निकाल लावायचाय. इंग्रजी-विज्ञान गेलं उडत, तिच्या गणिताचा आकडा तेवढा वर आला म्हणजे झालं." मला हे एकदम पटलं. माझ्या बापाला मी ते सांगितलं, तर तो बैलांना पाणी पाजता पाजता आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाला, "बाई सांगतस ते कर. त्यासले कळस." माझ्या बापाचा सगळ्यांवर विश्वास होता. मी त्याच्याकडून हे सोडून बाकी सगळं घेतलं. पुढं कळलं की ऑक्टोबरला तिन्ही सुटले असते तरी आयटीआयचा प्रवेश उन्हाळ्यानंतरच होता, माझं काही बुडत नव्हतं. पण इतकं साधं कारण असेल तर ते तुम्ही सांगितलं का नाहीत? माणूस साधं कारण लपवत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि मी प्रयत्न केला नाही असंही नाही. शिक्षकांच्या खोलीबाहेर नकाशे गुंडाळून ठेवायचं काम मी मुद्दाम मागून घेतलं होतं. आत मुख्याध्यापक तुम्हाला विचारत होते, "बाई, पोरगं बरं दिसतंय, तिन्ही का देऊ देत नाही?" तुम्ही म्हणालात, "झेपतील की त्याला तिन्ही. पण मला वाटतं…" आणि शिपायानं त्या रुळाच्या तुकड्यावर टोला हाणला. शाळा सुटल्याचे टोले म्हणजे किती वेळ चालायचे, तुम्हाला माहीत आहे. ते थांबेपर्यंत तुमचं वाक्य संपलं होतं. तुम्ही बाहेर आलात, मला पाहिलंत. "ऐकलंस?" मी म्हटलं, "नाही बाई." तुम्ही म्हणालात, "बरं झालं." आता मला सांगा, 'बरं झालं' याचा मी काय अर्थ लावायचा? सातपूरला कारखान्यात लेथवर उभं असताना, लोखंडाच्या चिप्स उडत असताना, मी कितीदा ते वाक्य पुरं करून बघितलंय. पण मला वाटतं एक आधी सुटू दे. पण मला वाटतं त्याला भरवसा नाही. पण मला वाटतं माझं गणित तरी. प्रत्येक शेवट तुमच्या आवाजात नीट बसतो, हीच अडचण.

परीक्षेला निघालो त्या सकाळी तुम्ही स्टँडवर आलात. मला वाटलं पेन देणार. तुम्ही कागदाची पुडी दिलीत, आत कापूस. "केंद्राच्या भिंतीवर चढून लोक उत्तरं ओरडतात. तुझे कान मला माहीत आहेत. हे घाल आणि पेपर होईपर्यंत काढू नकोस." दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. मी घातला, दोन्ही कानांत, ठासून. तुमच्यावर फार श्रद्धा होती म्हणून नव्हे. पण भिंतीवर चढून फुकट उत्तर वाटणारा माणूस मला तेव्हाही संशयास्पदच वाटला. त्या दिवशी माझ्या आजूबाजूची पोरं भिंतीवरून आलेली उत्तरं उतरवत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बहिरा होऊन बसलो होतो. निकाल लागला आणि मी स्टँडपासून घरापर्यंत ओरडत गेलो, "गणित सुटलं! गणित सुटलं!" तेव्हा आमच्याकडे नमस्काराऐवजी हेच विचारायचे, किती सुटले, किती राहिले. राहिला म्हणजे नापास. सुटला म्हणजे पास. माझ्या कानाला अजूनही त्याहून गोड शब्द माहीत नाही.

तर आता आमच्या घरातलं. मुलगी यंदा दहावी झाली, चांगल्या मार्कांनी, माझ्यावर गेली नाही. अकरावी सायन्सला फिजिक्स-केमिस्ट्री सगळ्यांनाच असतं. खरा घोळ त्याच्या पुढं आहे. गणित घ्यायचं, की बायो घ्यायचं, की दोन्ही घेऊन चार मोठे विषय ओढायचे. चार घेतले तर इंजिनीअरिंग आणि डॉक्टरकी दोन्ही दारं उघडी, पण अभ्यासाचा डोंगर. गणित सोडलं तर एक दार बंद, आणि त्या जागेवर बहुतेक पोरं भूगोल घेतात, जो कुणी मनावर घेत नाही. माझं मत ठरलेलं होतं, चार. जे गणित मी एवढ्या मारामारीनं सोडवलं, ते माझ्या मुलीनं आपल्या हातानं सोडून द्यायचं, हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं.

कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये आम्ही तिघं सल्ल्याला गेलो. काचेच्या केबिनी, प्रत्येकात एक टायवाला मुलगा. आमच्या टायवाल्यानं तिची चाचणी बघितली आणि म्हणाला, "सर, हिचं बायो स्ट्राँग आहे. मॅथ्स ड्रॉप करू या. तीनवर फोकस." तो बोलत असताना माझा एक कान शेजारच्या केबिनीत होता. तिथला टायवाला सांगत होता, "चारही घ्या काका. तुमच्या मुलात स्पार्क आहे." मी आमच्याला विचारलं, "आमच्या मुलीत नाहीये का स्पार्क?"

"तसं नाही सर, स्पार्क आहेच…"

"मग संपला वाटतं. शेजारी आत्ताच देऊन टाकलात."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मुलगी टेबलाखालून माझ्या बुटावर पाय दाबत होती. "पप्पा, प्लीज." टायवाला लाल झाला. शेवटी ठरलं की रविवारी मुलीची गणिताची वेगळी चाचणी घेतील, ती चांगली गेली तर चार विषयांच्या बॅचला बसवतील. गाडीत बसल्या बसल्या मी म्हटलं, "यांना आपला निकाल लावायचाय. जरा शंका आली की पोराचा विषय छाटायचा." हे वाक्य मी आधी कुठं ऐकलं होतं ते तेव्हा ध्यानात आलं नाही. आत्ता वर चहावाल्याचं लिहिताना आलं.

घरी मी मुलीला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, "मला बायो आवडतं." मी म्हटलं, "त्या टायवाल्यानं सांगितलं म्हणून?" "नाही." "मग त्या मैत्रिणीनं डोक्यात घातलंय." तिची एक जिवाची मैत्रीण आहे, दिवसभर दोघींचं फोनवर चालू असतं. मुलगी काहीच बोलली नाही. मी ते गप्प बसणं ऐकलं आणि मनात लिहून टाकलं, मैत्रीणच.

रविवारी ती चाचणीला गेली. दुपारी परत आली ती उड्या मारतच जिना चढली. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेलो, ती गॅलरीत जाऊन मैत्रिणीला फोन करत होती. दार लोटलेलं होतं, पण लोटलेल्या दाराचं मला काय! "अगं हो! सुटलं! गणित सुटलं एकदाचं!" मग खालच्या आवाजात, "नाही गं, पप्पांना कुठं सांगितलंय अजून." बाई, मी पेपर खाली ठेवला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. देवळ्याच्या स्टँडपासून घरापर्यंत मी तोच आवाज काढत पळालो होतो. पोरीला बापाला अचानक सांगून चकित करायचंय, म्हणून लपवतेय. जगातल्या प्रत्येक वाक्याला मी उलटं करून, हलवून, आतून वाजवून बघतो. हे एकच वाक्य मी जसंच्या तसं घेतलं.

मी गुपचूप खाली उतरलो, पेढे आणले. एक बॉक्स वर्कशॉपच्या माणसांसाठी, एक घरी. मुलीच्या हातात पेढा ठेवला. ती म्हणाली, "कशाचे?" मी म्हटलं, "मला कळत नाही होय? कान आहेत मला." तिचा चेहरा उतरला, तिनं आईकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला चालेल, पप्पा? खरंच?"

"चालेल म्हणजे? छाती फुगली माझी."

"मला वाटलं तुम्ही चिडाल."

"अगं, चिडेन कशाला?"

आणि ती येऊन मला बिलगली. मोठी झाल्यापासून असं केलं नव्हतं तिनं. आता बघा, मुलगी पास झाल्यावर बाप चिडेल असं कुठल्या मुलीला वाटेल? माझ्यासारख्याच्या कानाला हे टोचायला हवं होतं. पण पेढा गोड होता, पोरगी गळ्यात होती. बायको कोपऱ्यातून माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी नवाच कोणीतरी माणूस घरात आलोय. तिनं मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, तुम्ही सुधारलात."

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. मुलगी मला चहा करून द्यायला लागली. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागांत फवारण्या सुरू होतात, त्यामुळे त्याआधीचे महिने वर्कशॉपमध्ये मान वर करायला फुरसत नसते. अकरावीच्या प्रवेशाला मायलेकीच जाऊन आल्या, कागदावर पालक म्हणून आईनं सही केली. मी विचारलं, "सगळं नीट झालं?" दोघी एका सुरात म्हणाल्या, "हो." वर्कशॉपमध्ये जो येईल त्याला मी सांगत होतो, आमच्या पोरीचं गणित सुटलं. जुने लोक खूश व्हायचे, तरणी पोरं जरा गोंधळून 'हो का' म्हणायची. मला वाटलं, त्यांना गणिताची किंमत नाही.

एका संध्याकाळी येता येता मी अकरावीच्या गणिताची पुस्तकं घेतली, भाग एक, भाग दोन, आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली. बायको पोळ्या लाटत होती. मुलीनं पुस्तकं बघितली आणि हसली. "ही कुणाला?"

"तुला. मला काय करायचीत?"

"पण पप्पा, माझं गणित सुटलंय ना."

"सुटलंय म्हणूनच तर आणली."

लाटणं थांबलं. बायको म्हणाली, "अहो, मग पेढे कशाचे वाटलेत?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. चाचणीला ती बसलीच नव्हती. टायवाल्यासमोर जाऊन तिनं सांगितलं होतं, सर, मला चार नकोत, मी गणित सोडते. तिच्या पिढीत सुटलं म्हणजे सुटका झाली, जाच गेला. प्रवेशाच्या कागदावर गणिताच्या जागी भूगोल लागलाही होता. मला राग आला तो भूगोलाचा नव्हता. मला वाटलं, माझ्या घरात, माझ्या कानाखालून कोणीतरी हे घडवलं. मी विचारलं, "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही."

"क्लासवाल्यानं घोळात घेतलं."

"मीच त्यांना सांगितलं, पप्पा. ते तर म्हणत होते, आलीयेस तर बसून बघ."

"मग ती मैत्रीण."

"तिनं चारही घेतलेत."

हे मला माहीत नव्हतं. माझा पुरावाच गेला. मी बायकोकडे वळलो. ती म्हणाली, "झालं. आता माझा नंबर." पण मुलगी हसली नाही. ती पुस्तकांवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "तुम्ही दर वेळेला माझ्या मागं बघता, पप्पा. मी पुढं उभी असते." मग म्हणाली, "मला चार झेपतील. पण मला ते नको आहेत. मला एकच गोष्ट नीट करून बघायचीय."

बाई, तुमचं वाक्य 'पण'पाशी तुटलं होतं. हिचं पूर्ण आलं, मधे घंटा नाही, काही नाही, जेवणाच्या टेबलावर, माझ्या तोंडावर. आणि तरीही मी ते ऐकताना काय करत होतो सांगू? आवाज जरा जास्त सरळ आहे का, पाठ केल्यासारखा येतोय का, एवढंच बघत होतो. मी जेवलो नाही. पुस्तकं तिनं उचलून फ्रिजवर ठेवली. दोन दिवस घरात चमच्यांचाच तेवढा आवाज.

विषय बदलायची मुदत अजून होती. तिसऱ्या दिवशी मुलगी क्लासला गेल्यावर मी कॉलेजात गेलो. खिडकीवर एक मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या, समोर कागदांचा गठ्ठा, कपाळावर चष्मा. मी मुलीचं नाव सांगितलं, म्हटलं, विषय बदलायचाय, भूगोल काढून गणित. त्यांनी कागद शोधला. काढला. बोट ठेवलं. मग वर बघून म्हणाल्या, "मुलगी कुठंय?"

"क्लासला."

"तिला माहितीये?"

मी म्हटलं, "मी वडील आहे तिचा."

"हो हो, तसं दिसतंच आहे. पण बदलायचाय कुणाला?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. दिवसभर शंभर जणांना जे विचारतात तेच त्या विचारत होत्या, आणि पुढचा कागद ओढायला त्यांचा हात तयारच होता. मागं रांग होती. एका पोराचा बाप घसा खाकरत होता. आणि मी त्या खिडकीत वाकून उभा, मुलीच्या नकळत तिच्या मागून आलेला माणूस. ज्याला मी इतके दिवस शोधत होतो तो. क्लासमध्ये शोधला, मैत्रिणीच्या फोनमध्ये शोधला, बायकोच्या चेहऱ्यावर शोधला. शेवटी म्हणालो, "नाही, म्हणजे, भूगोलाचं पुस्तक इंग्रजीत येतं का, एवढंच विचारायचं होतं."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट बघितलं. "ते दुकानात विचारा ना हो. इथं काय पुस्तकं ठेवतो का आम्ही?" रांगेतले हसले. मीही हसलो. हसणं मला चांगलं जमतं, धंद्याचं आहे ते.

मग दुकानात गेलो, भूगोलाचं पुस्तक घेतलं आणि घरी येऊन मुलीला दिलं. म्हटलं, चौकशी करायला कॉलेजात गेलो होतो. तिनं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, म्हणाली, "थँक्यू, पप्पा," आणि पहिल्या पानावर आपलं नाव घातलं. आता ती बायो करते, रोज. चांगलं करते की नाही ते मला कळत नाही, मला त्यातलं काही येत नाही. गणिताची पुस्तकं तिनं मैत्रिणीला देऊन टाकली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं. घरात सगळ्यांना वाटतं की बापानं समजून घेतलं. बायको तिच्या भावालाही तसं सांगत होती, मी ऐकलं. मी तिला दुरुस्त केलं नाही. तुम्हाला मात्र सांगतो, बाई. त्या मॅडमनी काही विचारलं नसतं, नुसता कागद पुढं सरकवला असता, तर मी सही करून आलो असतो.